पुढील आदेश होईपर्यंत

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा विभागप्रमुख निवृत्त झाला, बदलून गेला किंवा अचानक वारला, की अधिष्ठात्यांच्या सहीने एक छोटा आदेश निघतो. मजकूर ठरलेला असतो. अमुक यांनी आपल्या मूळ पदाचे काम सांभाळून विभागाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेश होईपर्यंत पाहावा. हा पुढील आदेश केव्हा होईल, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं. कधी तो पंधरा दिवसांत होतो, कधी पाच वर्षं होत नाही. कधी तर कार्यभार पाहणाराच निवृत्त होतो आणि तोच मजकूर दुसऱ्याच्या नावाने पुन्हा टंकला जातो.

असे आदेश मी पुष्कळ टंकले आहेत. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी नोकरी गेली. मी डॉक्टर नाही, आणि इतिहासाचं रीतसर शिक्षणही माझं झालेलं नाही. पण सेवापुस्तकं आणि जुन्या नस्त्या हाताळताना एक प्रश्न मनात घर करून राहिला : खुर्ची आपली नाही हे ठाऊक असलेला माणूस त्या खुर्चीवर बसून नेमकं काय करतो? आणि तो बसला होता याचा विभागावर काही परिणाम होतो का? वैद्यकाच्या इतिहासावरच्या पुस्तकांत गाजलेल्या प्राध्यापकांना प्रकरणं मिळतात. मधल्या माणसांची एका ओळीत बोळवण होते. त्या ओळी मी गोळा करत गेलो. हा लेख त्यातूनच झाला आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत आपण हंगामी, प्रभारी, कार्यवाहक, तदर्थ हे शब्द एकाच पिशवीत घालतो. पण आस्थापनेच्या टेबलावर ते वेगवेगळे असतात. तदर्थ पदोन्नती मिळालेला माणूस त्या पदावर असतो, फक्त त्याची ज्येष्ठता धरली जाईलच असं नाही. अतिरिक्त कार्यभारवाला मुळात त्या पदावर नसतोच. तो आपल्या जागेवरून दुसऱ्या जागेचं काम बघतो. इंग्रजी मुलखातही अशीच एक बारीक रेघ आहे. मूळ प्रमुख रजेवर किंवा आजारी आहे आणि परत येणार आहे, तेव्हा त्याच्या जागी काम करणारा तो 'अॅक्टिंग'. जागा रिकामी झाली आहे आणि नव्या माणसाचा शोध चालू आहे, त्या मधल्या काळापुरता नेमलेला तो 'इंटरिम'. आज अमेरिकी विद्यापीठं हा फरक बरीचशी पाळतात. जुन्या काळी मात्र सगळ्यांनाच 'अॅक्टिंग' म्हणत. मी दोघांसाठीही 'कार्यवाहक' हाच शब्द वापरणार आहे.

वैद्यकीय विभागाचं प्रमुखपद हे इतर खात्यांच्या प्रमुखपदासारखं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. इतिहासाच्या विभागाला वर्षभर प्रमुख नसला तर फार तर अभ्यासक्रम रेंगाळतो. वैद्यकीय विभागात तीन कामं एकात एक गुंतलेली असतात : रुग्ण, विद्यार्थी आणि संशोधन. रात्री दोन वाजता कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाचं सकाळपर्यंत थांबवायचं, याचा शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं असावं लागतं. कार्यवाहकाला हा शब्द मिळतो, पण त्यामागचं वजन मिळतंच असं नाही. तो रजा मंजूर करतो, ड्यूटीचे तक्ते लावतो, परीक्षा पार पाडतो, मृत्यूंच्या आढावा बैठकीला अध्यक्ष म्हणून बसतो. पण नवी पदं मागणं, यंत्रसामग्रीचा मोठा प्रस्ताव पाठवणं, एखादा नवा उपविभाग काढणं, यांपैकी काही हाती घेतलं की वरून उत्तर येतं : कायम प्रमुख आल्यावर बघू. शिवाय ज्यांच्याबरोबर काल एका डब्यात जेवलो त्यांचे गोपनीय अहवाल आज लिहायचे, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचं. हे अवघड जागेचं दुखणं आहे.

या सगळ्याचा विचार करायला मला एकाच विभागाचा इतिहास फार उपयोगी पडला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा शल्यचिकित्सा विभाग. १८८९ ते १९४१ या बावन्न वर्षांत इथे तीनदा कार्यवाहक प्रमुख होता, आणि तिन्ही वेळा 'कार्यवाहक' या एकाच शब्दाचा अर्थ वेगळा निघाला. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयात पाऊल टाकलं की 'रेसिडेंट डॉक्टर' हा शब्द कानावर पडतो. शल्यचिकित्सेपुरतं बोलायचं तर ती पद्धत याच विभागात घडली. त्यामुळे विषय तसा परका नाही.

हॉपकिन्स रुग्णालय ७ मे १८८९ रोजी उघडलं. विकृतिशास्त्राला विल्यम वेल्च आधीच येऊन बसले होते. औषधवैद्यकाला विल्यम ऑस्लर मिळाले. शल्यचिकित्सेचं पद मात्र अडलं होतं. पहिली पसंती ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन यांना होती. त्यांना आपल्या परिचारिका सोबत आणायच्या होत्या, विश्वस्तांना ते मान्य नव्हतं, आणि बोलणं फिसकटलं असं सांगतात. तेव्हा वेल्च यांनी नाव पुढे केलं विल्यम स्ट्यूअर्ट हॉलस्टेड यांचं. वय ३६, येलचे पदवीधर, युरोपात शिकून आलेले, न्यूयॉर्कमध्ये काही वर्षांपूर्वी धडाडीचे सर्जन म्हणून गाजलेले.

पण 'काही वर्षांपूर्वी' हे शब्द महत्त्वाचे. सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत कार्ल कोल्लर यांचा शोध जाहीर झाला, की कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो. हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच कोकेन मज्जातंतूंपाशी टोचून शरीराचा हवा तो भाग बधिर करण्याचे प्रयोग सुरू केले, तेही स्वतःवर. आज दातांचा डॉक्टर जबडा बधिर करतो, त्याचं मूळ त्या प्रयोगांत आहे. प्रयोग यशस्वी झाले आणि प्रयोग करणारे व्यसनात बुडाले. हॉलस्टेड यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात १८८६ मध्ये काही महिने आणि १८८७ मध्ये पुन्हा काही महिने ठेवावं लागलं. मधल्या काळात ते बाल्टिमोरला वेल्च यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालण्याचा अभ्यास करत होते, आणि तो अभ्यास अव्वल दर्जाचा होता.

अशा माणसाला नव्या, गाजावाजा झालेल्या रुग्णालयाचा मुख्य सर्जन कसं करायचं? विश्वस्तांनी मार्ग काढला. १८८९ मध्ये त्यांना बाह्यरुग्ण विभागाचं प्रमुखपद दिलं आणि रुग्णालयाचे 'कार्यवाहक' सर्जन केलं. म्हणजे इथे कार्यवाहकपद ही परीक्षा होती. जागा रिकामी होती आणि माणूसही समोर होता. भरवसा तेवढा बसायचा होता.

आता गंमत पाहा. शस्त्रक्रियेतल्या रबरी हातमोज्यांची जी प्रसिद्ध गोष्ट आहे ती याच परीक्षेच्या काळातली, १८८९-९० च्या हिवाळ्यातली. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटत होते. हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. हातमोजे हे रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत हे सगळ्यांच्या ध्यानात यायला पुढे काही वर्षं गेली. इनगिनल हर्नियाची त्यांची शस्त्रक्रियाही याच सुमाराची. कार्यवाहक माणूस काही नवं करू शकत नाही, या समजुतीला हे चांगलं उत्तर आहे. अर्थात ज्याला पद मिळवायचं आहे त्याची धडपड वेगळी आणि ज्याला ते मिळणारच नाही त्याची वेगळी, हेही खरं.

१८९० मध्ये हॉलस्टेड कायम झाले, १८९२ मध्ये प्राध्यापक. ऑस्लर यांनी पुढे एका गुप्त टिपणात लिहून ठेवलं, की १८९० मध्ये शिफारस करताना त्यांची आणि वेल्च यांची खात्री होती की हॉलस्टेड व्यसनातून सुटले आहेत. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ऑस्लर यांना कळलं की ते सुटलेले नाहीत. कोकेनची जागा मॉर्फीनने घेतली होती, आणि रोजची मात्रा तीन ग्रेनच्या, म्हणजे सुमारे दोनशे मिलिग्रॅमच्या खाली येत नव्हती. ऑस्लर गप्प राहिले. ते टिपण १९६९ साली, रुग्णालयाला ८० वर्षं झाल्यावर, जगासमोर आलं.

या घटनेचा अर्थ कसा लावायचा, यावर मी बराच काळ अडून होतो. एका बाजूने पाहिलं तर परीक्षेचा काळ फुकट गेला; जी गोष्ट तपासायची होती तीच परीक्षकांना दिसली नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर त्यांना ती दिसली असती तर अमेरिकेतली आधुनिक शल्यचिकित्सा वेगळ्या रस्त्याने गेली असती. माझं मत असं झालं आहे, की परीक्षेच्या काळात माणूस आपलं उत्तम तेवढं दाखवतो आणि बाकीचं झाकायला शिकतो. हॉलस्टेड झाकायला आयुष्यभराचे शिकले. न्यूयॉर्कचा उमदा, गडबड्या सर्जन बाल्टिमोरमध्ये अबोल, संथ आणि सतत गायब राहणारा प्राध्यापक झाला. उन्हाळ्यात तर ते महिनेच्या महिने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या आपल्या घरी राहत.

आणि इथेच 'रेसिडेंट' येतो. जर्मन विद्यापीठांतली साहाय्यकांची उतरंड हॉलस्टेड यांनी पाहिली होती. तिला त्यांनी हॉपकिन्समध्ये कडक रूप दिलं. तळाशी अनेक इंटर्न, वर मोजके साहाय्यक, आणि शिखरावर एकच रेसिडेंट. तो किती वर्षं राहील हे आधी ठरत नसे. प्राध्यापकाला तो तयार वाटेपर्यंत. या शेवटच्या काळात वॉर्ड तोच चालवी, शस्त्रक्रिया तोच करी, खालच्यांना तोच शिकवी. तेहेतीस वर्षांत असे सतरा रेसिडेंट तयार झाले आणि त्यांतल्या कित्येकांनी इतर विद्यापीठांत विभाग उभे केले. या पद्धतीमागे शिक्षणाचा विचार होताच, १९०४ च्या येलमधल्या भाषणात त्यांनी तो मांडलाही. पण मला असंही वाटतं, की प्रमुख जागेवर नसेल हे गृहीत धरूनच हा विभाग बांधला गेला होता. हॉलस्टेड कायम प्राध्यापक होते आणि विभाग तिथे रोज कुणी ना कुणी कार्यवाहक चालवत होता, फक्त त्याला तसा आदेश नव्हता.

त्या बिनआदेशाच्या माणसांत सर्वांत मोठं नाव जॉन फिनी यांचं. १८८९ मध्ये रुग्णालय उघडलं तेव्हापासून ते तिथे होते. शहरात त्यांची प्रॅक्टिस जोरात होती, १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे ते पहिले अध्यक्ष झाले, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याचे मुख्य शल्यसल्लागार होते. ७ सप्टेंबर १९२२ रोजी हॉलस्टेड वारले. पित्ताशयाच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करायला त्यांचेच जुने शिष्य जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड सिनसिनाटीहून आले होते, कारण त्याच वर्षी ह्यूअर तिकडे प्राध्यापक म्हणून गेले होते आणि रीडना बरोबर घेऊन गेले होते. म्हणजे प्रमुख गेला त्या वेळी वारसाच्या रांगेतली ही दोन माणसं आधीच बाहेर पडलेली होती. फिनी तेव्हा ५९ वर्षांचे. ते कार्यवाहक प्रमुख झाले आणि १९२५ मध्ये शिकागोहून डीन लुइस येईपर्यंत, तीन वर्षं, राहिले.

फिनीच कायम का नाही झाले? याचं उत्तर १९१३ सालच्या एका देणगीत आहे. रॉकफेलरांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाने हॉपकिन्सला पंधरा लाख डॉलर दिले ते एका अटीवर : मुख्य प्राध्यापकांनी पूर्णवेळ पगारावर राहायचं, खासगी रुग्णांची फी संस्थेत जमा करायची. यावरून मोठा तंटा झाला. औषधवैद्यकाचे लुएलिस बार्कर यांनी ती अट न स्वीकारता प्राध्यापकपद सोडलं. ऑक्सफर्डला गेलेल्या ऑस्लर यांनी तिकडून विरोध केला. हॉलस्टेड यांनी अट मान्य केली. फिनी आपल्या प्रॅक्टिससह बाहेरच्या वर्तुळात राहिले. त्यामुळे विभाग चालवायला सर्वांत योग्य आणि पद स्वीकारायला सर्वांत गैरसोयीचा असा हा माणूस होता. हॉलस्टेड यांच्या बाबतीत कार्यवाहकपद परीक्षा होती, फिनींच्या बाबतीत तो पूल होता. पुलावर कुणी घर बांधत नाही, आणि फिनींना ते बांधायचंही नव्हतं. उमेदवार नसलेल्या कार्यवाहकाला एक मोठा फायदा असतो : त्याच्या कुठल्याही निर्णयात स्वतःसाठी काही आहे असं कुणी म्हणू शकत नाही. आज अमेरिकेत अधिष्ठाते इंटरिम प्रमुख नेमताना पहिला प्रश्न हाच विचारतात, की तुम्ही या पदासाठी अर्ज करणार आहात का. 'नाही' म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं. 'हो' म्हणणाऱ्याकडे सगळे परीक्षार्थी म्हणून बघतात.

तोच काळ, तीच संस्था, बाजूचा विभाग. १९१७ मध्ये शरीररचनाशास्त्राचे फ्रँकलिन मॉल वारले. फ्लोरेन्स सेबिन त्यांच्या विद्यार्थिनी, मग सहकारी, आणि त्याच वर्षी हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाखेतल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झालेल्या. प्रमुखपद त्यांना मिळेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ते मिळालं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला, लुइस वीड यांना. हॉपकिन्सचं वैद्यकीय महाविद्यालय मुळात उघडू शकलं ते मेरी गॅरेट यांच्या पैशावर आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्याच्या त्यांच्या अटीवर. अटीत विद्यार्थिनी होत्या, खुर्ची नव्हती. सेबिन १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेल्या.

देणगीच्या अटी खुर्च्या कशा फिरवतात याचा आपल्याकडचा दाखला जवळजवळ त्याच वर्षांचा आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. तिथली कायम प्राध्यापकपदं बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि हे अधिकारी लांब रजा घेऊन मायदेशी जात. त्यांच्या मागे 'अॅक्टिंग' नेमणुका होत. साहेब बोटीवरून उतरला, की कार्यवाहक आपल्या मूळ जागी. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि त्याला जोडून सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तेव्हा देणगीदारांनी अट घातली की इथले अध्यापक भारतीयच असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. ही अट नुसत्या देशाभिमानाची नव्हती. 'तुम्ही काम करा, पण पुढील आदेश होईपर्यंत' या वाक्याला दिलेलं ते उत्तर होतं, असं मी वाचतो.

आता माझ्या टेबलावरचं एक उदाहरण. आमच्याकडे बधिरीकरणशास्त्राच्या एका सहयोगी प्राध्यापक बाईंकडे जवळपास चार वर्षं विभागाचा अतिरिक्त कार्यभार होता. सगळे त्यांना मॅडम म्हणत. शिपाईमामा तेवढे ताई म्हणत. प्रमुखाच्या खोलीत त्या बसत, पण टेबलामागच्या खुर्चीत नाही, बाजूच्या. दारावरची पाटी त्यांनी बदलू दिली नाही. यंत्रांचे प्रस्ताव पाठवले, ते ठरल्याप्रमाणे परत आले. एक गोष्ट मात्र त्यांच्या अधिकारात होती : ड्यूटीचा तक्ता. रात्री अध्यापकाने घरून फोनवर उपलब्ध असण्याची रीत होती. बाईंनी ती मोडून शस्त्रक्रियागृहाच्या मजल्यावर एक अध्यापक रात्रभर हजर ठेवायला सुरुवात केली, आणि पहिला महिनाभर स्वतःचं नाव सर्वांत जास्त वेळा लावलं. कुरकुर झाली. माझ्याकडे दोन अर्ज आले, की प्रभारी व्यक्तीला असा बदल करता येतो काय. नियमात कुठेही 'येत नाही' असं लिहिलेलं नव्हतं. अधिष्ठात्यांनी अर्जांवर 'पाहिले' असा शेरा मारला. कायम प्रमुख आले, त्यांनी पाटी बदलली, टेबल बदललं आणि तक्ता तसाच ठेवला. विभागाच्या भिंतीवर आजी-माजी प्रमुखांची नावं आणि त्यांचा कालावधी रंगवलेला लाकडी फलक आहे. त्यावर एका नावाखाली संपलेलं वर्ष आणि पुढच्या नावाचं सुरू झालेलं वर्ष यांत चारचा फरक आहे. रंगाऱ्याला दिलेल्या यादीत प्रभारींची नावं नव्हती. यादी करण्याची तशी पद्धतच नाही.

म्हणून हॉपकिन्सचा तिसरा कार्यवाहक मला सर्वांत जवळचा वाटतो. डीन लुइस आजारी पडले आणि १९३९ मध्ये विभाग पुन्हा उघडा पडला. कार्यवाहक म्हणून वॉरफिल्ड फिरोर यांना नेमण्यात आलं. त्यांचा काळ परीक्षेचा नव्हता, आणि फिनींसारखं बाहेरचं भरभक्कम स्थानही त्यांच्यापाशी नव्हतं. ते घरातलेच सर्जन होते. दोन वर्षं त्यांनी विभाग सांभाळला. युरोपात युद्ध सुरू झालेलं, अमेरिका उंबरठ्यावर उभी. रेसिडेंटांची उतरंड चालू ठेवायची, शस्त्रक्रिया चालू ठेवायच्या, आणि शोध समिती कुणाला निवडते त्याची वाट बघायची. या दोन वर्षांत काही मोठं घडलं असं इतिहासात नमूद नाही, आणि मला त्यातच त्यांचं काम दिसतं. दोन वर्षं बिनप्रमुखाचा राहिलेला विभाग पुढच्या माणसाच्या हाती चालू स्थितीत देणं, ही साधी गोष्ट नाही. मोडलेल्या विभागांच्या नस्त्या मी पाहिल्या आहेत. त्यात आधी रेसिडेंट कमी होतात, मग भूलतज्ज्ञ सोडून जातात आणि शेवटी मान्यतेची तपासणी येते.

१९४१ मध्ये व्हँडरबिल्टहून आल्फ्रेड ब्लेलॉक आले. हॉपकिन्सचेच विद्यार्थी, ज्यांना तरुणपणी इथे शल्यचिकित्सेची रेसिडेन्सी मिळाली नव्हती. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतला साहाय्यक सोबत आणला, व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, ज्याच्याकडे कुठलीही वैद्यकीय पदवी नव्हती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लेलॉक यांनी निळ्या पडलेल्या एका चिमुरडीच्या छातीत ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे एका चौरंगावर उभे राहून सूचना देत होते. ज्यांनी ही शस्त्रक्रिया सुचवली त्या हेलन टॉसिग तिथेच होत्या. पुस्तकांतली प्रकरणं इथून सुरू होतात.

फिरोर १९४१ मध्ये आपल्या मूळ जागी गेले आणि त्यानंतरही हॉपकिन्समध्येच शस्त्रक्रिया करत आणि शिकवत राहिले.